चढावर उतरायचं नाही

"बांबू वर करा जी! वर करा—!"

कोसमीच्या घाटातून आरोळी आली तेव्हा वच्छला नाक्याशी बसून सुकत घातलेल्या मोहफुलांवरच्या माश्या हाकलत होती. तिचे बापूजी जंगलखात्याचे नाकेदार. ते नुकतेच घरात न्याहारीला गेले होते, आणि तेवढा वेळ नाका तिच्यावर होता. तिनं धावत जाऊन दोर ओढला. रस्त्यावरचा आडवा बांबू अर्धाच उचलला गेला. खाली मान घालून एक सायकलवाला त्याच्याखालून सुसाट निघाला आणि थेट मोहफुलांच्या चटईवर आडवा झाला.

"लागलं का जी?"

"मले नाई. सायकलले पाहा आधी."

"सायकलले कोण विचारून राह्यलं!"

त्यानं वर पाहिलं. केसांत, कानामागे, शर्टाच्या खिशात... सगळीकडे मोहफुलं. वच्छलानं पदर तोंडाशी नेला, पण हसू काही थांबेना. मग तोही हसला. आणि हसता हसता त्यानं एकेक फूल वेचून चटईवर परत ठेवलं, अगदी खिशातलंसुद्धा.

सायकल ठीक होती. ती वळवून तो पुन्हा घाटाकडे निघाला.

"आता तं खाली आले न तुमी? मंग वर कायले चालले?"

"पुन्हा खाली याले," तो म्हणाला, आणि वळणाआड गेला.

असा तो शनिवार सुरू झाला. फाल्गुनाचं ऊन, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पेटल्यासारखे फुललेले पळस, आणि त्यातून वर-खाली करणारी एक काळी सायकल. लाकडाच्या ट्रकांसाठी नाका बंद ठेवायचा नियम होता. त्यामुळे दर फेरीला त्याला थांबावं लागे, आणि दर फेरीला वच्छलाला एक प्रश्न विचारता येई.

नाव? लच्छू. काम? बल्लारशाच्या कागद कारखान्यात. मुक्काम? गडचिरोलीला आत्याकडे, मोटारीच्या टपावर सायकल टाकून आलेला. आणि हे खूळ?

"पाडव्याले चांद्यात शर्यत आहे. मागच्या साली चढावर दम तुटला. उतरून सायकल हातानं ढकलली... सारं गाव पाहून राह्यलं होतं." त्यानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "यंदा चढावर उतरायचं नाई."

"अन् नाई उतरले तं?"

"त्या दिवशी आरशात सोताचं तोंड पाहीन."

बापूजी दारात येऊन उभे राहिले होते. "हे पोट्टं सकाळपासून वर-खाली काऊन करून राह्यलं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"शर्यतीची तयारी आहे, बापूजी."

"तुले कसं माहीत?"

वच्छला खाली वाकून आधीच पसरलेली फुलं पुन्हा पसरू लागली.

दिवस कलल्यावर बापूजी म्हणाले, "आता ट्रक नाई यायचे. बांधून टाक बांबू वर."

"नियम म्हणजे नियम, बापूजी," वच्छला गंभीरपणे म्हणाली. त्यांनी लेकीकडे जरा वेळ पाहिलं, आणि विडी पेटवायला आत गेले.

रविवारी तो आला तो उतरल्या चेहऱ्यानं. घाटाचं तिसरं वळण त्याला जिंकता येत नव्हतं. दर वेळी तिथंच पाय जमिनीला लागत. पहिल्याच फेरीनंतर तो धापा टाकत म्हणाला, "जमत नाई. उतरू नको म्हणतो, अन् उतरतो."

तो पुन्हा निघाला तशी वच्छलानं पदर खोचला आणि मोळीवाल्या बायकांच्या पायवाटेनं सरळ डोंगर चढून तिसरं वळण गाठलं. तो आला. मान खाली, पाय जड, सायकल डुलत होती. त्यानं वर पाहिलं...

"उतरा ना," ती म्हणाली. "मी पाहूनच राह्यली आहे."

तो उतरला नाही! दात-ओठ खात त्यानं पायडल दाबलं. वेग असा, की वच्छला बाजूनं नुसती भराभर चालत होती.

"बोला ना काई!"

"दम... नाई..."

"मंग ऐका. इथून पुढं सारं सोपं आहे."

"खोटं..."

"हो, खोटं आहे. चाला!"

माथ्यावर पोचताच तो सायकलीसकट गवतात पडला. ती शेजारी बसली. खाली साऱ्या जंगलाला पळसाचा रंग चढला होता. वाऱ्यावर मोहाचा गोड, जरा गुंगवणारा वास येत होता. बराच वेळ दोघं नुसतीच हसत राहिली.

"पुढच्या रविवारी येऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

वच्छलाचं हसू मावळलं. "मी नसन. उद्या नागपूरले चालली. नर्सबाईचं शिकाले. बापूजींनी लय खटपट केली... तीन साल तिथंच."

तो उठून बसला. गवताची एक काडी मोडली. दुसरी मोडली.

"बरं आहे," तो शेवटी म्हणाला. "मन लावून शिका."

एवढंच! ती त्याच्याकडे पाहत राहिली, पण तो सायकल उचलत होता. ती पायवाटेनं उतरून येईस्तोवर तो नाका ओलांडून गेलाही होता. त्या संध्याकाळी ट्रंक भरताना वच्छला उगाचच बापूजींवर चिडली, आणि मग उगाचच त्यांच्या गळ्यात पडून रडली.

नागपूरचे दिवस भरलेले होते. पांढरी साडी, औषधांचा वास, पाठांतर. लच्छूचा विचार करायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि रोज नव्यानं ठरवावं लागत होतं. पाडवा होऊन गेला. मग एका रविवारी दुपारी वसतिगृहाची आया सांगत आली, "वच्छला, फाटकाशी कोणी आलंय. भूत दिसतंय नुसतं!"

भूतच होतं. भुवयांपर्यंत धूळ, सायकलीला टेकलेलं, पाय थरथरत असलेलं.

"तुमी!"

"शर्यतीत तिसरा आलो," लच्छू म्हणाला. "चढावर नाई उतरलो."

"हे सांगाले आले? आगगाडी बंद आहे का?"

"सुरू आहे."

"मंग इतके मैल सायकलनं काऊन?"

"काल दुपारी निघालो. वरोऱ्याले धर्मशाळेत झोपलो." तो थांबला. "गाडीनं आलो असतो, तं तुमी म्हटलं असतं, याचं नागपुरात काई काम असन. माहं इथी काईच काम नाई, वच्छलाबाई. तुमीच आहा."

तिनं फाटक उघडलं. "त्या दिवशी तं तोंडातून शब्द नाई निघाला!"

"येतो म्हणून सांगाचं अन् नाई जमलं तं? आधी येऊन पाहाचं होतं. आता माहीत झालं. महिन्यातून एकदा जमते." मग जरा ओशाळून, "जाताना मातर आगगाडीनं जाईन. पाय उरले नाई."

ती हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले.

मागून चपलांचा आवाज आला. मेट्रनबाई! भेटीला फक्त नात्यातली माणसं, हा इथला कडक नियम. चष्म्यावरून त्यांनी त्या धुळीच्या पुतळ्याकडे पाहिलं.

"हे कोण तुझे?"

लच्छूनं मान खाली घातली. वच्छलानं त्याच्या थरथरत्या पायांकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि मान वर केली.

"नात्यातले आहेत, बाई. म्हणजे... नातं व्हायचं आहे."

सायकल खाली पडली. ती उचलायचं कोणालाच सुचलं नाही. मेट्रनबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि फाटकालगतच्या व्हरांड्यातली खुर्ची पायानं पुढं सरकवली.

"मग आधी बसव त्यांना. नाहीतर नातं व्हायच्या आत पडतील."