यादी बाहेर गेली कशी?

"थांब रोशन! बंद नको करू ते!" प्रज्ञा ओरडली.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. प्रज्ञा, रोशन आणि त्याची बहीण दामिनी कॅरमस्पर्धेची पत्रकं छापायला पांढुर्ण्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात आले होते. आपली फाइल शोधताना रोशननं दुकानाच्या कॉम्प्युटरवरची भलतीच फाइल उघडली होती. दोन पानं भरून नावं! वर लिहिलं होतं : सिकलसेल तपासणी.

सातवं नाव स्वप्निलचं होतं. त्यांच्याच दोस्ताचं!

याच यादीच्या पहिल्या पानाचा फोटो तीन दिवसांपासून गावभर मोबाइलवर फिरत होता. "त्याचा रोग लागते," म्हणून पोरं स्वप्निलला खेळायला घेईनात. तो घराबाहेर पडेनासा झाला होता. प्रज्ञाची आई सुशीला धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटरवर काम करायची. यादी तिनंच फोडली असा ठपका ठेवून तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला घरी बसवलं होतं.

"पण तपासणीच्या खोलीतले कॉम्प्युटर इंटरनेटले जोडलेच नाहीत," प्रज्ञा म्हणाली. "आई म्हणते, मुद्दामच वेगळे ठेवले. मग यादी बाहेर आली कशी?"

"कोणाच्या तरी खिशातून!" रोशन म्हणाला.

दामिनीनं फाइलची तारीख पाहिली. मंगळवार, सकाळी अकरा.

"मंगळवारी तर आई सौसरच्या शिबिरात होती!" प्रज्ञा म्हणाली. तिनं दुकानदार गजाननकाकांना विचारलं, "काका, मंगळवारी दवाखान्यातलं कोण आलतं?"

"मॅनेजर हेमंतबाबू. पेनड्राइव्ह आणतेत आन् इथूनच नागपूरच्या लॅबले मेल करतेत. काऊन, का झालं?"

तिघं तडक डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी हेमंतला बोलावलं.

"पोरं काही बी बोलून राहिले, मॅडम! मी पेनड्राइव्ह वापरतच नाही!"

रोशननं खिशातून आपला पेनड्राइव्ह काढला. "मग हा निळा तुमचा नाही काय?"

"छे! माझा लाल आहे!" हेमंत म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"दवाखान्याचं नेट बंद होतं, मॅडम. रिपोर्ट अर्जंट होते," तो पुटपुटला. "फाइल तिथंच राहिली, माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्यानंतर दुकानात आलेल्या कोणीतरी फोटो काढला असणार. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सुशीलाला बोलावणं गेलं. "मी दोनदा लिहून दिलं होतं, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "नावाच्या जागी नंबर टाका. फाइलले कुलूप लावून दवाखान्याच्याच बाहेरच्या खोलीतल्या, नेटवाल्या कॉम्प्युटरवरून पाठवा. अन् कुलपाचा शब्द, म्हंजे पासवर्ड, फोनवर सांगा."

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. "चुकलं माझं, सुशीलाताई. उद्यापासून असंच होईल, आणि ते तुम्हीच पाहा." मग त्या मुलांकडे वळल्या. "शाब्बास! आम्ही करायचं काम तुम्ही केलं."

प्रज्ञा हसली नाही. "पण लोकांच्या फोनातून स्वप्निलचं नाव कसं काढायचं?"



संध्याकाळी डॉक्टरबाई स्वतः मैदानावर गेल्या. सिकलसेल जन्मापासून रक्तात असतो, खेळल्यानं कोणाला लागत नाही, हे त्यांनी पोरांना समजावलं. काहींनी ऐकलं. काही आपसांत कुजबुजत राहिले.

तिघं स्वप्निलच्या घरी गेले. तो दारातच उभा राहिला. दुकानात काय सापडलं ते तिघांनी त्याला सांगितलं.

"दुसऱ्या पानावर कोण कोण होतं?" त्यानं विचारलं. "आपल्या शाळेतलं कोणी?"

"नाही सांगणार," प्रज्ञा म्हणाली. "तुले नाही. कोणालेच नाही."

मग स्वप्निलनं चपला पायात घातल्या आणि तो त्यांच्यासोबत घराबाहेर पडला.