बुधूचा बेडका

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझं काही अडत नाही.

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

हे भर दुपारी घडलं. गेल्या हिवाळ्यात, म्हसाची जत्रा उठल्यावर. जागा म्हणाल तर मुरबाड तालुक्यात, डोंगराला टेकलेला एक पाडा आणि खाली गावातलं एक हॉस्पिटल. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. घाबरतो म्हणून नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची सुटतात म्हणून.

त्या पाड्यातला बुधू जत्रेत बैलांच्या राखणीला गेला होता. थंडीत उघड्यावर निजला, आणि खोकला घेऊनच परतला.

खोकला तरी कसा? आधी तीन ठसके. मग थोडा दम. मग घशातून खरवडून काढल्यासारखा आवाज... आणि थू.

सगळा पाडा तो आवाज ओळखायचा.

ताप उतरेना, श्वास पुरेना. तेव्हा बायको भिमीने त्याला जीपमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं. खिडकीजवळची खाट मिळाली, नाकाला ऑक्सिजन लागला. नाकात काडी घालून तपासलं, काही सापडलं नाही.

डॉक्टर राऊंडला आले. सिस्टरला म्हणाले, "नाकात नसला तरी व्हायरस छातीत उतरलेला असू शकतो. बेडका पाठवा."

हे सिस्टरला सांगितलं. भिमी तिथेच उभी होती, तिला कुणी काही सांगितलं नाही. तिच्या हातात झाकणाच्या दोन डब्या आल्या, एक आजची आणि एक जास्तीची.

"काय करू गो हिचं?" भिमीने वॉर्डातल्या हिराबाईला विचारलं. हिराबाई तिथली झाडूवाली.

"नवऱ्याला खोकून थुकायला सांग तिच्यात. घट्ट पायजे. मुंबईला जानार हाय."

"मुंबईला? थुकी? कशाला?"

"मला काय म्हाईत? मी काय डॉक्टर हाय?"



त्यांच्या पाड्यात आजारी माणसाची थुंकी चुलीच्या राखेत दाबतात. परक्याच्या हाती पडली तर माणूसच त्याच्या हाती जातो, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली.

हसू नका. तुम्ही मोबाईलवर आलेला ओटीपी परक्याला देता का? तसंच.

बुधू डोळे मिटून पडला होता. भिमीने खाटेकडे पाठ केली...

आणि डबीत स्वतःच थुंकली.

पांढरी, पाण्यासारखी पातळ थुंकी. छातीतला बेडका असा नसतो. डबी उजेडात धरली असती तर कुणालाही कळलं असतं. सिस्टरने धरली नाही, नेणाऱ्याने धरली नाही, मुंबईतल्यानेही धरली नाही.

रिपोर्ट आला. छातीत व्हायरस नाही.

"बिडीने केलंय हे सगळं," डॉक्टर म्हणाले. "ऑक्सिजन दुसऱ्याला लागतोय. घरी न्या."

परतीच्या जीपमध्ये बुधू खोकत होता. घाटाला लागल्यावर खोकला थांबला.

भिमीला बरं वाटलं. म्हणाली, झोप लागली वाटतं.

पाड्यावर पोचल्यावर कळलं.

त्याला ओढ्यापलीकडे पुरला. मुलगा सुरज वीटभट्टीवरून आला, दिवस करून परत गेला. घरात राहिल्या दोघी, भिमी आणि सून अंजू. जास्तीची कोरी डबी भिमीने घरामागच्या राखेच्या ढिगावर फेकून दिली.

मग एका दुपारी...

अंजू अंगणात तांदूळ निवडत होती. पाड्यातली माणसं कामावर गेलेली. कुत्रं ओट्याखाली पडलेलं.

घरामागून तीन ठसके आले.

मग दम.

मग खरवडल्यासारखा आवाज...

थू.

अंजूच्या हातातलं सूप पडलं. "आत्या... बाबा खोकले."

"गप. वाऱ्याने पत्रा वाजला."

वारा नव्हता. घराला पत्राही नव्हता, कौलं होती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा. तिसऱ्या दुपारीही. भिमी मागे जाऊन बघायची, तर कुणी नाही. फक्त राखेवर एक ओला डाग. कोंबड्या सगळीकडे उकरायच्या, त्या राखेकडे फिरकायच्या नाहीत.

आणि मग खोकला घरात शिरला. खोकत होती अंजू.

तिला घेऊन भिमी खाली गेली. डॉक्टरांनी कागदावरून नजर वर केली नाही. "सासऱ्याचा रिपोर्ट निगेटिव्ह होता ना? मग हिला कुठून होणार? साधी सर्दी आहे." पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि हात हलवून वाटेला लावलं.

तेव्हा भिमीला कळलं, आपली थुंकी आता कुणाच्या गळ्याशी आलीय.

घरी आल्यावर अंजूला बसून श्वास घेता येईना, निजूनही येईना. ओठ जांभळे पडले.

दुपार झाली. घरामागे ठसके सुरू झाले. पण आज ते थांबेनात. कुणी आतडी पिळून काढतंय तसे...

भिमी धावत मागे गेली.

आवाज तुटला.

राखेत ती जास्तीची डबी उभी होती. झाकण घट्ट. आत पिवळा, दाट बेडका, त्यात रक्ताची एक तार.

तिने डबी उचलली...

डबी गरम होती.

अंजूला शेजारणीच्या हवाली करून ती मिळेल त्या जीपने खाली गेली. डबी पदरात. सिस्टरला वाटलं अंजूचा बेडका. तिने नाव लिहिलं, पाठवून दिला.

अंजूसाठी खाट मात्र नाही. "रिपोर्ट येऊ दे," म्हणाले. तोवर भिमीने सुनेला उराशी धरून, बसवून जगवलं. रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी स्वतः गाडी पाठवली. माणसाला नाही, कागदाला घाबरतात ही लोकं.

"छाती भरलीय व्हायरसने!" ते भिमीवर ओरडले. "एवढं होईपर्यंत झोपला होतात? हा पेशंट जगायचा असेल तर..."

"तो नाय जगायचा, सायेब."

"म्हणजे?"

"हा बेडका सुरजच्या बापाचा हाय. त्याला पुरलाय."

डॉक्टर हसले, पण ते हसणं तोंडापुरतंच राहिलं.

"मेलेला माणूस खोकतो का गं?"

"जिता होता तवा मागितलात, तवा भीतीने मीच थुकले. कशाला पायजे ते तुमी सांगितलं नाय. कुनाची हाय ते बघितलंही नाय. आता त्याने दिलाय."

डॉक्टरांनी सिस्टरला खूण केली. अंजूला खाट मिळाली, खिडकीजवळचीच. ऑक्सिजन मिळाला.

अंजू जगली. आज ती पाणी भरते, सासूशी भांडते.

हॉस्पिटलात भिंतीवर नवीन पाटी लागली. पेशंट समोर असल्याशिवाय सॅम्पल घेतलं जाणार नाही. चूक यांची, आणि नियम आमच्यासाठी!

इथे गोष्ट संपायला हवी होती.

परवा भिमी पुन्हा खाली गेली. राखेत पुन्हा एक डबी मिळाली होती. भरलेली. गरम. ही डबी कुठून आली ते तिलाही माहीत नाही.

सिस्टरने पाटीकडे बोट केलं. "पेशंट आण, मग घेऊ."

"आनलाय."

"कुठाय?"

भिमीने खिडकीखालच्या बाकड्याकडे बघितलं. बाकडं रिकामं होतं. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन...

तीन ठसके आले.

मग दम.

खरवडल्यासारखा आवाज...

हिराबाईच्या हातातला झाडू पडला. डॉक्टर केबिनच्या दारात आले आणि तिथेच उभे राहिले. बाकड्यासमोरच्या फरशीवर एक ओला डाग हळूहळू पसरत होता.

डबी घेतली त्यांनी, मुकाट्याने. नाव काय लिहायचं ते कुणी विचारलं नाही.

त्या डबीचा रिपोर्ट अजून आलेला नाही. मी पाड्यावर जाऊन आलो. अंजू ठणठणीत आहे, भिमी ठणठणीत आहे, शेजारपाजारी कुणी खोकत नाही. घरामागेही आता शांत असतं.

हिराबाई सांगते, दुपार झाली की तो आता हॉस्पिटलात खोकतो.

कुणासाठी, ते अजून कळलेलं नाही...