ढग मंद होतो तेव्हा

बापूजींचा, माझ्या वडिलांचा, शेवटचा साधा दिवस म्हणजे फेब्रुवारी २००९ मधला एक शनिवार. मी सुट्टीवर समुद्रपूरला आले होते आणि आमच्या किराणा दुकानात गुळाची ढेप फोडत बसले होते. समोर सावली पडली.

"पाव किलो सुपारी द्या."

मान वर केली... हेमराज. पुण्याच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा, आंजीच्या शेतकऱ्याचा मुलगा. मावसभावाच्या साखरपुड्याला आला होता म्हणे.

"समुद्रपुरात दुसरं दुकान नाही का?" मी हळूच विचारलं.

"आहेत की. तीन फिरून आलो. तिथं तू नव्हतीस."

"आणि एवढी सुपारी कोण खाणार?"

"ते नंतर बघू. गूळ सांडतोय तुझा."

चेहरा लपवायला मी खाली वाकले. दोन वर्षं तो माझ्या एका शब्दाची वाट पाहत होता, आणि मी दर वेळी म्हणायचे — प्रयोग जमू दे, मग घरी सांगते. आता पुढच्या महिन्यात तो जर्मनीला निघाला होता.

बापूजी आतून आले. "कोण जी हे?"

"आमच्या लॅबमधले."

"नाव काय यांचं?"

मी पाणी आणायला आत गेले. नाव त्यानंच सांगितलं.

परत आले तेव्हा दोघं तांदळाच्या पोत्यांवर ऐसपैस बसले होते.

"पोरीले विचारलं, काय करून राह्यली, तं म्हणते लेझरनं अणू थंड करून राह्यली," बापूजी म्हणत होते. "लेझरनं तं गरम होते जी. थंड कसं होईन?"

"समोरून धावत येणाऱ्या अणूला उजेडाचे बारीक बारीक धक्के देतो, काका. तो संथ होतो, म्हणजेच थंड. पळत्या माणसाशी कोण बोलेल?"

"अन् मंग?"

"मग दोन वेगळे अणू जवळ येतात. एक रुबिडियमचा, एक सीझियमचा. आणखी एक किरण त्यांना जोडतो. दोघं सारखे नसतात, म्हणून जोडीतली वीज जराशी एका बाजूला सरकते. त्यामुळे ती जोडी दुसऱ्या जोडीला दुरूनही जाणवते."

"टिकते?"

"बहुतेक तुटतात. एखादी टिकते."

"डोयानं दिसते का?"

हेमराज हसला. "अणूंचा ढग चमकतो. जोड्या जुळायला लागल्या की तो मंद होतो. जुळलेले त्या उजेडात चमकत नाहीत ना... आधी वाटतं, काहीतरी हरवलं."

बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपारीची पुडी बांधत होते. दोरा तीनदा सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उचलता उचलता बापूजी खाली बसले, ते उठले नाहीत.

तेराव्या दिवशी, तेरवीला, हेमराज आला. पंगतीत वाढत राहिला. हात धुताना एवढंच म्हणाला, "सोमवारी निघतो. तू आत्ता काही बोलू नकोस. मी विचारणार नाही."

मी आत गेले. आई भांडी मोजत होती. वर न पाहता म्हणाली, "तोच का तो?"

"कोण?"

"तो आला त्या राती जेवताना हे मले म्हणे, पोरीनं त्या पोराचं नाव एकडावही नाई घेतलं. तू माझं घेत नाई ना, तसंच. अन् हसले." आईनं वाटी पुसून ठेवली. "मी म्हटलं, विचारा मंग. तं म्हणे, नाई. तिचं तिनं सांगू दे. सकाळी चहा घेऊन किती वेळ बसले होते तुझ्यासमोर..."

मला आठवलं. त्या चहाच्या वेळी मी पेपर वाचत होते.

बाहेर अंगणात भैय्याजी काका पाहुण्यांना निरोप देत होते. हेमराज चपला घालत होता. पुण्यात आम्ही पुस्तकी मराठी बोलायचो. इथं, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून घरचंच निघालं.

"थांब," मी म्हणाले. "मले तुझ्याशीच लग्न करायचं आहे, हेमराज. बापूजीले आधी सांगायचं होतं... राहून गेलं."