चौथ्या विमानातली खुर्ची

"यंदा कप्तान मी," शेंगदाणा म्हणाला. "मागच्या सुट्टीतच ठरलंय. पट्टी माझ्या गळ्यात आणि खुर्चीही माझी. माझा हात आता कडीला पोचतो. घरी दाराच्या चौकटीवर मोजून आलोय."

"ठरलं असेल, पण साक्षीदार कुठाय?" वकील म्हणाला.

"साक्षीदार मी," अक्का पुढे चालता चालता म्हणाली. "आता कुंपण येईपर्यंत दोघांनी तोंडाला कुलूप लावा."

वकील आणि शेंगदाणा सख्खे भाऊ. थोरला कोणाचं साधं 'हो'सुद्धा पुराव्याशिवाय मानत नसे, म्हणून तो वकील. धाकटा जन्मला तेव्हा मुठीत मावेल एवढा होता, म्हणून तो शेंगदाणा. अक्का त्यांच्या मामाची मुलगी, तेरा वर्षांची. आपण या दोघांपेक्षा शहाण्या आहोत असं तिचं मत होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दर मोठ्या सुट्टीत हे दोघे मामाकडे यायचे आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिघे मिळून विमानतळाच्या मागच्या कुंपणाकडे निघायचे. कुंपणापलीकडे त्यांचं विमान होतं.

तशी तिथे चार विमानं होती, जुनी आणि लढाऊ. अक्काच्या जन्माच्या आधी लष्कराने आपला तळ दुसरीकडे हलवला, तेव्हापासून ती गवतात उभी होती. चाकांतली हवा गेली, रंग उडाला, शेपटीत साळुंक्यांनी संसार मांडले. त्यांचं पुढे काय करायचं, हे कोणी ठरवत नव्हतं. विमानतळाचं ऑफिस म्हणायचं, ती लष्कराची. लष्कराचं ऑफिस म्हणायचं, ती आम्ही विमानतळाला केव्हाच देऊन टाकली. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्यांची गत झाली होती.

पहिल्या तीन विमानांत काही गंमत नव्हती. चालकाच्या जागी नुसता खड्डा आणि लोंबणाऱ्या वायरी. चौथ्यात मात्र खुर्ची होती. उंच पाठीची, आवळायच्या पट्ट्यांची आणि डोक्याच्या वर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक कडी असलेली. वरची काच कधीच फुटून गेली होती, त्यामुळे पंखावरून आत उतरता यायचं. एकाच विमानात खुर्ची का, हा प्रश्न या तिघांना कधी पडला नाही. खेळायला मिळाल्यावर प्रश्न कोण विचारतो?

पहिल्याच सुट्टीत अक्काने त्या कडीजवळ खुपसलेली एक पिन ओढून काढली होती. पिनेला लांब लाल कापडी पट्टी होती. ती झाली कप्तानाची खूण. कप्तानाने पट्टी गळ्यात घालायची, खुर्चीत बसून लढाई लढायची आणि शत्रूने विमान पाडलं की डोक्यावरची कडी दोन्ही हातांनी ओढायची. कडी ओढली की डाव संपला. कडी गंजून घट्ट बसली होती, फारशी हलायची नाही, पण नियम तो नियम.

कुंपणाच्या फटीतून आत शिरल्यावर अक्का जागीच थांबली.

पहिल्या विमानाला पंख नव्हते. ते बाजूला गवतात पडले होते, तुकडे तुकडे करून. चारी विमानांच्या पोटावर चुन्याच्या फुल्या मारल्या होत्या. हातगाडीवर दोन सिलिंडर उभे होते, एक काळा आणि एक तांबडा. आणि दुसऱ्या विमानाच्या सावलीत डोक्यावर काळा चष्मा सारून बसलेला माणूस दुसरा तिसरा कोणी नसून अक्काचे बाबा होते.

"बाबा, तुम्ही?"

"मी कामावर आहे. तुम्ही इथे काय करताय?"

"विमान बघायला आलो, मामा," वकील घाईने म्हणाला. हे अर्धसत्य होतं, पण वकिलांना तेवढं चालतं.

मामा गॅसकटर होता. पूल असो, टाकी असो, मोडकं जहाज असो, जाड लोखंड कापायचं म्हटलं की त्याला बोलावणं यायचं. त्याच्या हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते. लहानपणी शेंगदाण्याला ते नक्षत्रं वाटायचे.

तेवढ्यात कंत्राटदार आला. त्याला सगळे शेठ म्हणत. "आधी त्या चौथ्यातली खुर्ची काढ," तो मामाला म्हणाला. "अख्खी पाहिजे. एका हॉटेलवाल्याला दारात मांडायचीय."

"खालचे बोल्ट गंजून एकजीव झालेत. आत उतरून गॅसने कापावे लागतील."

"मग काप की. विचारतोस काय?"

"जेवण झालं की धरतो," मामा म्हणाला. "आणि तुम्ही तिघे घरी पळा. इथे पत्रे आहेत, लागेल कुठेतरी."

तिघे कुंपणाबाहेर येऊन बसले. शेंगदाण्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी पाळी आली आणि लगेच विमान कापतात," तो म्हणाला.

"कापायची परवानगी कोणी दिली?" वकिलाने विचारलं. "विमान कोणाचंच नाही, तर शेठचं कसं झालं? आणि कुंपणावरची ती पाटी वाचा. विमानतळाच्या हद्दीत आग पेटवायची असेल तर अग्निशमन केंद्राची परवानगी लागते. गॅसची ज्योत म्हणजे आगच की नाही?"

"वकील, तू पहिल्यांदाच कामाचं बोललास," अक्का म्हणाली आणि उठली.

विमानतळाच्या ऑफिसात कारकुनाने त्यांना दारातच वाटेला लावलं. साहेब मीटिंगमध्ये होते, आणि ती विमानं लष्कराची होती. मग ती कापतंय कोण, असं वकिलाने विचारल्यावर कारकून म्हणाला, "साहेब म्हणाले जागा मोकळी करा, म्हणून जागा मोकळी होतेय. तुम्हाला शाळा नाही का?"

अग्निशमन केंद्र ऑफिसच्याच बाजूला होतं, विमानं धावपट्टीच्या पलीकडे. तिथे लाल बंब उभे होते आणि ओले पाईप वाळत टाकलेले. केंद्रप्रमुख एक बाई होत्या, करड्या केसांच्या. वकिलाने त्यांच्यापुढे आपली बाजू मांडली. पाटी, नियम, ज्योत, परवानगी, काही सोडलं नाही.

"म्हणजे विमान वाचवायला आलात तर," बाई हसून म्हणाल्या. "तिथे कापाकापी चाललीय हे मला कोणी कळवलंच नाही. बघते मी. अरे, तुझ्या गळ्यात काय आहे ते?"

शेंगदाण्याने सदऱ्यातून लाल पट्टी बाहेर काढली. "ही कप्तानाची खूण आहे. यंदा मी कप्तान आहे."

बाईंनी पट्टीच्या टोकाची पिन हातात घेतली. त्यांचं हसू गेलं. "कुठून काढलीत ही?"

"चौथ्या विमानातून," अक्का म्हणाली. "खुर्चीच्या वरच्या कडीजवळून. मीच काढली."

"त्या विमानात खुर्ची आहे अजून?"

"त्या एकाच विमानात आहे. बाकीच्या तिन्हींत नाही."

बाईंनी आधी वायरलेसवर बंब तयार करायला सांगितलं आणि मग मुलांकडे वळल्या. "नीट ऐका. लढाऊ विमान कोसळायला लागलं की ती खुर्ची चालकाला घेऊन आकाशात उडते. तिच्या पाठीत दारू भरलेली असते, तोफेत असते तशी. कडी ओढली की दारू पेटते. जमिनीवर चुकून पेटू नये म्हणून कडीला ही पिन लावून ठेवतात. विमान मोडीत काढताना सगळ्यात आधी खुर्ची काढायची असते. तीन विमानांत कोणीतरी ते काम केलं. चौथ्याच्या वेळी म्हणाले असतील, उद्या बघू."

मग वकील अगदी हळू आवाजात म्हणाला, "मागच्या सुट्टीत कडी थोडी हलली होती."

बाईंनी पट्टी शेंगदाण्याच्या गळ्यातून काढून खिशात ठेवली.

अक्काच्या डोक्यात मात्र कडी नव्हतीच. "ते खुर्चीखालचे बोल्ट गॅसने कापणार आहेत," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर. माझे बाबा."

बाईंनी मामाचा नंबर लावला. फोन वाजत राहिला, कारण काम करताना मामा तो पिशवीत ठेवायचा. ऑफिसात लावला, तर साहेब अजून मीटिंगमध्ये होते. बंब सुरू झाला, पण धावपट्टीवर विमान उतरत होतं, आणि टॉवरने सांगितल्याशिवाय बंबालाही धावपट्टी ओलांडता येत नाही. बाईंनी शेंगदाण्याला उचलून बंबात बसवलं आणि मागे वळल्या. "तुम्ही दोघं इथून हलायचं नाही, कळलं?"

पण दोघे तिथे नव्हतेच. कुंपणाच्या कडेने विमानांकडे जाणारी पायवाट या मुलांना तोंडपाठ होती.

अक्का धावत होती आणि पहिल्या सुट्टीतली ती सकाळ तिला स्वच्छ दिसत होती. पिन घट्ट होती. तिने पाय टेकवून जोर लावला होता, पिन निघाल्यावर टाळ्या वाजल्या होत्या, आणि तिला आपला किती अभिमान वाटला होता.

विमानं दिसली तेव्हा चौथ्याच्या पोटातून निळसर उजेड येत होता. मामाची फक्त वाकलेली पाठ दिसत होती. दोघांनी हाका मारल्या, पण ज्योतीचा फरफराट आणि वरून उतरणारं दुसरं विमान यांत त्या त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. शेठला मात्र ऐकू गेल्या. तो आडवा आला.

"पुन्हा आलात? चला निघा."

"शेठ, त्या खुर्चीत दारूगोळा आहे," वकील म्हणाला.

"असं होय! आणि माझ्या खिशात तोफ आहे."

अक्काने वकिलाकडे पाहिलं. एवढंच पुरे होतं. वकिलाने जागेवर बसकण मारली आणि शेठचा पाय दोन्ही हातांनी धरला. "परवानगीचा कागद दाखवा, मगच सोडतो. पाटी वाचलीत का? अग्निशमन केंद्राला कळवलंत का? विमान कोणाच्या मालकीचं आहे, सांगा आधी."

"सोड रे! सोड म्हणतो ना!"

शेठ एका पायावर नाचत असताना अक्का हातगाडीपाशी पोचली. सिलिंडर विमानापासून लांब होते, मधे रबरी नळ्या गवतातून गेल्या होत्या. तिच्या बाबांनी तिला हे फार लहानपणी शिकवलं होतं, कारण गॅसकटरच्या घरात हे आलंच पाहिजे, असं ते म्हणायचे. तिने आधी तांबड्या सिलिंडरची चावी फिरवली, मग काळ्याची. मग दोन्ही चाव्या काढून मुठीत घट्ट धरल्या.

विमानाच्या पोटातला उजेड बारीक झाला आणि फट् करून विझला.

मामा चष्मा वर करून बाहेर आला. असं कोणी मधेच गॅस तोडला तर ज्योत उलटी नळीत शिरू शकते, हे त्याला ठाऊक होतं आणि तो भयंकर चिडला होता. तो उतरून तिच्यापर्यंत आला आणि त्याने हात उगारला. अक्का मागे सरली नाही.

"बाबा, खुर्चीत दारू भरलेली आहे. ती पेटू नये म्हणून लावलेली पिन मी काढलीय. मी काढलीय, बाबा."

हात तसाच राहिला. मामाने मुलीचा चेहरा पाहिला. मग हात खाली आणला.

"पोरांच्या नादी काय लागतोस?" शेठ पाय सोडवून घेत ओरडला. "पक्कड आण, चावी नसली तरी सिलिंडर उघडतो. काही नाही त्या खुर्चीत. मी हातोड्याने मोकळी करून दाखवतो."

"शेठ, तिकडे जाऊ नका," मामा म्हणाला. "ही पोर विनाकारण सिलिंडरला हात लावणार नाही. मी हिला ओळखतो."

शेठ पंखावर चढलाच. हातोडा हातात, आणि तोंडाने बडबड चालू. मामा धावला, त्याने शेठला कमरेला धरून खाली ओढलं, आणि दोघे गवतात पडले. तेवढ्यात बंब येऊन थांबला. बाई उतरल्या आणि सगळ्यांना रस्त्यापलीकडे जायला सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, पण शेठसुद्धा निमूटपणे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी लष्कराचं पथक आलं. त्यांनी दिवसभर काम केलं. खुर्चीतून काढलेलं सामान दूरच्या माळावर खड्ड्यात ठेवून उडवलं, तेव्हा मामीच्या स्वयंपाकघरात फळीवरची भांडी खाली आली. पथकाच्या प्रमुखाने बाईंना सांगितलं की इतक्या वर्षांत दारू निकामी झालेली नव्हती. बोल्ट तापत राहिले असते तर आत वाकलेला माणूस सापडला नसता.

मग सगळ्यांनाच बोलायचा उत्साह आला. वर्तमानपत्रात बातमी येताच विमानतळाचं ऑफिस म्हणालं, विमानं आमची, आम्ही त्यांचं संग्रहालय करू. लष्कराचं ऑफिसही म्हणालं, विमानं आमची. साहेबांनी मीटिंगमधून बाहेर येऊन तिघांच्या पाठी थोपटल्या आणि विमानतळाचं नाव छापलेलं एकेक पेन दिलं. केंद्रप्रमुख बाईंनी पेन दिलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही चूक लपवली नाहीत, म्हणून एक माणूस जिवंत आहे. दोन्ही विसरू नका, चूकही आणि ती कबूल केलीत हेही." लाल पट्टी त्यांनी परत दिली नाही. कोणी मागितलीही नाही.

पुढच्या आठवड्यात बातमी शिळी झाली आणि विमानं पुन्हा कोणाचीच राहिली नाहीत. मामाने मात्र स्वतः जाऊन कुंपणाची फट लोखंडी पट्ट्या जोडून बंद केली. अक्का शेजारी उभी राहून त्याला सामान देत होती.

"आधी कुठला सिलिंडर बंद केलास?" मामाने खाली बघतच विचारलं.

"गॅसचा. मग ऑक्सिजनचा."

"बरोबर केलंस." इतक्या दिवसांत तो या विषयावर पहिल्यांदा बोलला होता. अक्काने तोंड फिरवलं, कारण तिला रडू आलं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मामाने विचारलं, "किती वेळा बसला होतात त्या खुर्चीत?"

"रोज," वकील म्हणाला. आज त्याच्याकडे कुठलाच बचाव नव्हता.

"आणि कडी?"

"डाव संपला की कप्तान ओढायचा," शेंगदाणा म्हणाला. "अक्का आणि दादा ओढायचे. मी नाही. माझा हात पोचायचा नाही. यंदा पोचला असता."

मामाने त्याला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि हात वर करायला सांगितला. शेंगदाणा टाचा उंचावून, दोन्ही हात ताणून उभा राहिला. मामाने त्याच्या बोटांच्या टोकाशी आपला हात नेला, नक्षत्रांच्या डागांचा, आणि ते दोन्ही छोटे हात मुठीत धरले. मामी दिवा लावायला आली, तरी त्याने ते सोडले नव्हते.