अनुसूयेची चूक

टायपिंग विभागातल्या आप्पाजींना त्या सकाळी सणसणून ताप भरला नसता, तर अनुसूया विद्याधरच्या समोर बसलीच नसती.

साल एकोणीसशे एकोणसाठ. कानडी मुलखात, यशवंतपूरच्या पलीकडचा, विजेची यंत्रं बनवणारा सरकारी कारखाना. अनुसूया तिथं नवी स्टेनो होती, अजून कायम व्हायची होती. घराण्यातली नोकरी करणारी ती पहिलीच बाई. "दिवाळीपर्यंत परत घरी बसशील," असं आईनं, कृष्णाबाईंनी, भाकीत करून ठेवलं होतं.

विद्याधर पुण्याहून आलेला तरुण इंजिनीअर. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, इंग्रजी भरधाव. खिडकीपाशी येरझाऱ्या घालत तो अहवाल सांगत होता आणि त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता... सर्ज. अनुसूयेच्या काकांचं चिक्कपेटेत कापडाचं दुकान. शाळेच्या कोटांचं लोकरी कापड, ते सर्ज. यंत्रांना गुंडाळत असतील बाई, असं म्हणून तिनं त्याच कापडाचं स्पेलिंग टाइप केलं. विद्याधरनं कागद हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि न वाचताच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी चीफ इंजिनीअर भीमाचार्यांनी भर बैठकीत, टिपणं घ्यायला बसलेल्या अनुसूयेसमोर, तो अहवाल मोठ्यानं वाचला.

"तारेतून विजेची उसळी नव्हे, अचानक लोकरीचं कापड आलं! किती वार हो, विद्याधर?"

सगळे खो-खो हसले. विद्याधरही हसला. शेजाऱ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाला, "काय ध्यान पाठवलंय!"

भीमाचार्यांचं हसू मात्र लगेच मावळलं. "या मुलीला कायम करायचं की नाही, विचार करावा लागेल."

अनुसूयेचे कान तापले. संध्याकाळी ती कारखान्याच्या फाटकापाशी उभी राहिली. भुरभुर पाऊस होता, छत्री होती, पण उघडायचं भानच नव्हतं. विद्याधर सायकल घेऊन बाहेर आला तशी ती आडवी गेली.

"स्वल्प थांबा! ध्यान कोणाला म्हणालात?"

त्याच्या हातून सायकल निसटता निसटता राहिली. "तुम्हाला... मराठी येतं?"

"तीनशे वर्षं आमच्या घरात हेच बोलतो! तुमचं पुणंच काय ते मराठी?"

"तसं नाही, पण 'जरा'ला 'स्वल्प'—"

"हसाल तर बघा! चुकले मी, शब्द मला ठाऊक नव्हता. पण सही कोणाची होती? वाचलं का नाही?"

त्याच्या केसांतून पाणी गालावर ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचेना.

"बोला की!"

"तुम्ही समोर उभ्या होतात," तो पुटपुटला. "गजरा होता... अक्षरं दिसलीच नाहीत."

"म्हणजे खापर आता माझ्या गजऱ्यावर!" अनुसूया तरातरा बसकडे निघाली. बस सुटल्यावर बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण वाक्य नीट ऐकलंच नाही. मग ते मनातल्या मनात पुन्हा ऐकलं. आणि राग दुप्पट झाला.

सकाळी भीमाचार्यांनी बोलावून सांगितलं, "तू सुटलीस. स्पेलिंग आपणच चुकीचं सांगितलं, असं विद्याधर कबूल करून गेला. मुंबईच्या प्रशिक्षणाला त्याचं नाव होतं, ते मी काढलं."

दुसरी कोणी असती तर हात जोडून बाहेर पडली असती. अनुसूया थेट प्रयोगशाळेत गेली.

"कोणी सांगितलं होतं उपकार करायला?"

"अहो, पण तुमची नोकरी—"

"जे सांगितलं ते डोळे मिटून लिहिणारी मी? अशी झाले ना आता साहेबांच्या लेखी? चूक माझी होती. मला परत द्या ती!"

विद्याधर बघतच राहिला. रागानं तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मग मुकाट्यानं तो तिच्यामागून भीमाचार्यांच्या खोलीत गेला. तिनं खरं ते सांगितलं. शब्द मला ठाऊक नव्हता, यांनी वाचलं नाही, दोघांनाही काय ती शिक्षा करा.

भीमाचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "सरी, ठीक आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत यानं तुला शब्द शिकवायचे. महिनाअखेर मी परीक्षा घेईन. नापास झालात तर दोघंही घरी."

कारखान्यामागच्या गुलमोहराखाली शिकवणी सुरू झाली आणि भांडणंही.

"सर्ज म्हणजे उसळी. एकदम येते, एकदम जाते. स्पर्ट म्हणजे चिळकांडी."

"आणि बिलो?"

"शिडात वारा भरतो ना, तसं फुगणं."

"दोरीवर आमच्या वडिलांचं, अण्णांचं धोतर फुगतं, तसं?"

"अं... हो. तसंच."

"मग शीड कशाला? धोतर सांगा की!"

तो हसायचा. तिला हसू यायचं, पण ती ते ओठांतच दाबायची. डब्यातली कोशिंबीर मात्र हल्ली ती दोघांपुरती आणायची.

"स्वेल?" एका दुपारी तिनं विचारलं.

"खोल समुद्रात लाट फुटत नाही. पाणी नुसतं आतून वर येतं... सावकाश... कोणाला न कळता."

"मी समुद्र पाहिला नाही."

"दाखवीन," तो बोलून गेला. दोघंही एकदम डब्यांकडे बघू लागले.

महिनाअखेरीस भीमाचार्यांनी स्वतः मजकूर सांगितला. एकही चूक निघाली नाही. अनुसूया कायम झाली. आनंदानं ती गुलमोहराखाली आली, तर विद्याधर उभ्याउभ्याच इंग्रजीत काहीतरी जुळवत होता.

"देअर इज... आय मीन, अ सर्टन स्वेलिंग ऑफ—"

"पुरे!" ती कडाडली. "महिनाभर वाट बघतेय मी! आणि आता इंग्रजीच्या आड लपता? आपल्या भाषेत सांगायला काय होतं?"

वाऱ्यानं पाकळ्या भिरभिरत खाली आल्या. एक तिच्या खांद्यावर टेकली. त्याचा हात ती उचलायला पुढे झाला, अर्ध्यावर थांबला.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "फार. माझ्याशी लग्न कराल?"

अनुसूयेला एवढं साधं उत्तर अपेक्षित नव्हतं. रागवायला काहीच उरलं नव्हतं. छातीत नुसतं भरून येत होतं.

"मला काय विचारता? रविवारी घरी या. अण्णा असतात."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

पाकळी तिनं स्वतःच उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणानं हसली.

"तर मी आहे ना... त्यांच्यावर रागवायला!"