न वाळलेला मुलामा

तिहोमिरने घंटा वाजवली ती चुकीच्या दाराची. त्याला जायचं होतं वरच्या मजल्यावर. दार रालित्साने उघडलं. ओल्या केसांना टॉवेल, हातात औषधाचा चमचा.

"टब दुरुस्तीवाला," तो म्हणाला.

"मग आमच्याकडेही या. आमचाही शेवटच्या घटका मोजतोय." बोलून गेली नि तिनं जीभ चावली. आतल्या खोलीत तिची आई स्तांका अंथरुणाला खिळली होती, आणि रूसे शहरातल्या डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते.

टब बिडाचा, आजोबांच्या वेळचा. मुलामा उडून तळ इतका खरखरीत झाला होता की स्तांकाची नाजूक झालेली कातडी सोलवटून निघायची. म्हणून नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसणं चाललं होतं. "एकदा गळ्यापर्यंत कोमट पाण्यात पडू दे गं," ती म्हणायची, "मग काय व्हायचं ते होवो."

दुसऱ्या दिवशी तिहोमिरने टब घासला, सोड्यानं धुतला, कोरडा केला आणि काठावरून दुधासारखा मुलामा सोडत गेला. रालित्सा चौकटीला टेकून बघत होती.

"असं बघत राहिलात तर हात हलेल माझा."

"मी बघतेय हे तुम्हाला कसं कळलं? तुमचं लक्ष टबाकडे हवं ना?"

आतून स्तांकाचा आवाज आला, "लग्न झालंय का रे तुझं?"

"नाही, मावशी."

"का? खोट काय आहे?"

"अंगाला रसायनाचा वास येतो."

"मग जमलंच. आमच्या रालित्साला बारमाही सर्दी."

रालित्साच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली मान घालून हसत राहिला.

"आठवडाभर थेंबही नको पाण्याचा," जाताना त्यानं बजावलं. तरी मुलामा वाळतोय का हे बघायला रोज येऊ लागला. एकदा चेरी घेऊन, एकदा लिंडनची फुलं घेऊन. त्या फुलांचा चहा पीत दोघं स्वयंपाकघरात बसायची, हळू आवाजात बोलायची... कधी नुसतीच बसायची.

आठवडा भरायच्या आतच एका दुपारी तिचा फोन आला. "आईचा श्वास बदललाय. ती पाणी मागतेय... प्यायला नाही."

त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला.

"टब भरा. मी येतोय. खराब झाला तर पुन्हा करीन."

त्यानंच स्तांकाला उचलून पाण्यात ठेवलं आणि पाठ करून बाहेर थांबला. स्तांकानं टाच रोवून अंग सैल सोडलं. "हं... आता बरं वाटलं," एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे उकडलेले गहू वाटून झाल्यावर तिहोमिर हत्यारं घेऊन आला. टबाची चकाकी गेली होती. पायथ्याशी, कच्च्या मुलाम्यात, टाचेचा ठसा उमटला होता. त्यानं गुडघे टेकून घासायचा पॉलिश पेपर काढला. रालित्सानं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या."

"अख्खा टब पुन्हा नवा होईल. एवढासा तर—"

"राहू द्या म्हटलं ना."

त्यानं कागद पिशवीत ठेवला. बराच वेळ तो काठावरून हात फिरवत राहिला.

"मग मला इथं यायला कारण काय उरलं?"

"काम नसताना ये," ती म्हणाली.

आईला पुरून आल्यापासून ती रडली नव्हती. आता रडू आलं, तेव्हा तो तिच्याजवळ फरशीवर बसून राहिला.