ताईला पर्याय

ट्रॉलीचं चाक निखळलं ते नेमकं तिच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानासमोर. ट्रॉलीवर व्हॉल्व्हचा जुना गिटार-ॲम्प्लिफायर होता आणि तो भंगारात निघाला होता. त्याचा मालक, एक उंच, विस्कटलेल्या केसांचा गिटारवाला, चाकाकडे असा बघत होता जणू नजरेला लाजून ते आपणहून परत बसणार आहे.

"ताई, एखादा पाना मिळेल?"

या 'ताई'त गैर काही नव्हतं. दुकानात येणारा प्रत्येक जण तिला ताईच म्हणे, पेन्शनरसुद्धा. आज मात्र तो शब्द तिला दाताखाली खडा यावा तसा लागला.

"मिळेल. याला काय झालंय?"

"गुणगुणतो. मी थांबलो तरी हा चालूच. मोठ्या दुकानात म्हणाले, मेलाय, टाकून द्या."

"मेलेलं कधी गुणगुणतं का? आत आणा."

तिला आपल्या कामाचा गर्व होता. नम्रपणा तिने सहा महिने करून पाहिला होता, तेव्हा गिऱ्हाइकं तिला ओलांडून पेपर वाचणाऱ्या बाबांना विचारायची, "मिस्त्री कुठेयत?"

मागचं झाकण उघडून तिने मीटरची एक तार पत्र्याला अडकवली, दुसरी उजव्या हातात धरली आणि डावा हात खिशात घातला.

"खिशात हात? ऐट आहे बुवा."

"ऐट नाही, अक्कल आहे. हा बंद केला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. दोन्ही हात आत घातले, तर करंट एका हातातून दुसऱ्यात जातो. मधे छाती लागते."

"म्हणजे… काळीज?"

"तेच. म्हणून एक हात बाहेर ठेवायचा."

तो जरा मागे सरकला. मग पुन्हा पुढे आला.

दोष उघड होता. विजेतल्या लाटा सपाट करणं हे फिल्टर कपॅसिटरचं काम. तीन होते, तिन्ही फुगून पाझरले होते. तसले आता कुणी बनवत नव्हतं.

"दुसरे लावले तर आवाज बदलणार नाही ना? मामाचा आहे हो हा. रविवारी हॉलमध्ये कार्यक्रम आहे, त्यासाठी दुसरा उसना आणणार होतो…"

"उसना रद्द करा."

"आणि हा गुणगुणला तर?"

"तर दुकानावरची पाटी उतरवीन."

कोपऱ्यातला पेपर खाली आला. "पाटीवर नाव माझं आहे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो पाना परत द्यायला आला. तिसऱ्या दिवशी पाना पुन्हा मागायला. चौथ्या दिवशी कारण संपलं, म्हणून नुसताच आला. या तीन दिवसांत त्याने तिला एकदाही हाक मारली नव्हती. वाक्याची सुरुवात तो खाकरून करत असे.

"अं… पहिल्या दिवशी माझ्याकडून एक शब्द चुकीचा लागला. त्याला पर्याय मिळेल का?"

सोल्डरचा बारीक धूर वर गेला. तिने मान वर केली नाही. केली असती, तर हसू दिसलं असतं.

"मिळतो. वीस मायक्रोफॅरडच्या जागी बावीस चालतं. साडेचारशे व्होल्टच्या जागी पाचशेचा चालतो, चारशेचा नाही. नव्याची सहनशक्ती जुन्यापेक्षा कमी नको."

"मॅडम?"

"कमी व्होल्टचा."

"इंजिनिअरसाहेब?"

"उलटा लागला. उलटा लावला की फुटतो, माहितेय?"

"मग तुम्हीच सांगा ना…"

"पार्ट गिऱ्हाइकाने आणायचा असतो," ती म्हणाली, आणि तिसऱ्या कपॅसिटरचं टोक जरा जास्तच वेळ तापवत राहिली.

रविवारी ती शेवटच्या रांगेत बसली, शेजारी बाबा. बाबांनी येताना पाटीकडे एकदा वळून पाहिलं होतं.

त्याने छान वाजवलं असावं. तिने गिटार ऐकलीच नाही. ती फक्त गिटारच्या मागे कान लावून होती. मग गाण्याच्या मधोमध त्याने हात तारांवरून उचलले. हॉल गप्प. कुणाची तरी खुर्ची करकरली, तेवढंच. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा शांतपणे जळत होता.

"ऐकलंत?" तो माइकवर म्हणाला. "काही नाही ना ऐकू आलं? हे 'काही नाही' करायला पाच दिवस लागले. मोठमोठ्यांनी हात टेकले होते. जिने केलं, ती शेवटच्या रांगेत बसलीय."

सगळा हॉल वळला. तिची मान ताठ झाली. टाळ्या गाण्याला मिळतात. न येणाऱ्या आवाजाला त्या मिळाल्याचं तिच्या माहितीत हे पहिलंच उदाहरण होतं.

टाळ्या थांबल्या. त्याने खाकरून घेतलं, सवयीने. आणि मग, हळूच, माइक चालू आहे हे पूर्ण माहीत असताना—

"अगं… ऐकतेयस ना?"

बाबा तिच्याकडे झुकले. "हा कुणाला अगं म्हणाला?"

"मला."

"ताई म्हणायचा ना तो?"

"तो पार्ट बदलला, बाबा."

"बसला का नीट?"

तिने खिशातला डावा हात बाहेर काढला, दोन्ही हात उंच केले आणि त्याच्याकडे बघून हलवले. मधे छाती लागते, हे पक्कं ठाऊक असून.